बाईंचा दुखवटा

बाईंनी मला वरची खोली दिली ती माझी चाल बघून.

मी मूळची भंडाऱ्याची. नोकरी मध्य प्रदेशात लागली आणि सिवनीहून बदली होऊन बालाघाटला आले. खोली शोधत त्यांच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा बाई अंगणात वाळत घातलेल्या तांदळाच्या पापडांवरून कावळे हाकलत होत्या, तेही शिट्टी वाजवून. ठेंगणी, काटक बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला शिट्टी. नाव, गाव, पगार, लग्न यांपैकी काहीच विचारलं नाही.

"त्या तुळशीपर्यंत चालून दाखवा."

मी चालले. काय करणार!

"उजवा खांदा पडला आहे. पर्स त्याच खांद्याले लावता?"

"हो."

"उद्यापासून डाव्या. खोली घ्या."

घरातून आवाज आला, "अवं, त्या पोरीले आधी पानी तं पिऊ दे!" आणि पाण्याचा गडू घेऊन मावशी बाहेर आल्या. गोऱ्या, उंच, जरा वाकलेल्या. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. मला गडू देता देता त्यांनी नकळत माझ्या ब्लाउजची बाही चिमटीत धरून शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "कोनं शिवलं हे? उसवन दिवाळीपर्यंत."

ती दोघींची ओळख पुरेशी होती. बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, मावशी शिवणकाम शिकवायच्या. दोघी निवृत्त. एकीला माणसाची ठेवण दिसायची, दुसरीला कपड्याची, आणि दोघींना त्याबद्दल गप्प बसणं जमत नसे. गप्प न बसण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. त्या प्रत्येक गोष्टीला गुण द्यायच्या. माझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीला दहापैकी सहा. नव्या कलेक्टरच्या झेंडावंदनाला चार, "सलाम करते का माशी मारते?" गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला स्टेजवर जाऊन सांगितलं, की हार घालताना कोपर वाकवू नको, सरळ हातानं घाल. त्यानं काढून पुन्हा घातला. व्याही रागावले. बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी नाई, फोटोसाठी सांगतलं."

भरवेलीच्या खाणीच्या मैदानावर त्यांनी एके काळी मुलींची हॉकीची टीम उतरवली होती. तांबडी माती पोरींच्या स्कर्टातून निघत नसे. मावशी ते सगळे स्कर्ट घरी आणून धुवायच्या, उसवलेले शिवायच्या. त्यातूनच त्यांची गाठ पडली असं बाई सांगायच्या. मावशी वेगळं सांगायच्या. त्या म्हणायच्या, बाई शाळेच्या पायऱ्यांवरून पडल्या, साडी फाटली आणि फाटक्या साडीत रस्त्यानं कशी जाऊ म्हणून आमच्या वर्गात शिरल्या. "मी तिले मशीनमागं बसवलं अन् म्हनलं, उठू नको. तं ते उठलीच नाई आजलोक."

सकाळी मी कचेरीला निघायचे तेव्हा जिन्यावरून मागचं अंगण दिसायचं. मावशी पाटावर बसलेल्या आणि बाई मागं उभं राहून त्यांचे लांब पांढरे केस विंचरत असायच्या. गोळाफेक केलेले ते राकट हात. पण फणी गुंत्यापाशी आली की थांबायची, बोटांनी गुंता सुटायचा, मग पुढं जायची. त्या वेळी बाई गुण देत नसत, बोलतही नसत. मी पाय न वाजवता उतरायचे.

गल्ली त्यांना बहिणी म्हणायची. सगळ्यांना ठाऊक होतं की मावशी किरनापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या आणि बाईंचे वडील इथं सरकारी नोकरीत होते. आडनावं वेगळी, जातही वेगळी. तरी बहिणी. मी एकदा मावशींना विचारलं, तुम्हाला राग येत नाही का. त्या काजं करत होत्या. दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "लोकाइले एक नाव पाह्यजे असते. आमच्यापाशी नव्हतं. तं त्याइच्यापाशी होतं ते त्याइनं देल्लं. फुकट भेटलं, ठेवून घेतलं."

ते घर आता नाही. मावशींमागं बाई फार जगल्या नाहीत; दुसऱ्याच थंडीत त्याही गेल्या. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं, पण ते मावशींच्या नावानं, आणि मावशीच आधी गेलेल्या. वकिलानं दुसरं करा म्हटलं तर बाई म्हणाल्या, दुसरं कुणाच्या नावानं करू? मग रायपूरहून भावाची मुलं आली. ती बाईंना कधी भेटलेलीही नव्हती. त्यांनी सभ्यपणानं सगळं केलं, अस्थी वैनगंगेत सोडल्या, मला खोली सोडायला पुरेशी मुदत दिली. मावशींची मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवताना मी पाहिली. मी मागितली असती तर दिली असती त्यांनी. पण माझी जिन्यावरून खाली यायची हिंमत झाली नाही.

त्या दोघी होत्या तेव्हा सरकारी कचेरीत माझ्या टेबलावर म्हाताऱ्या माणसांचीच कामं असायची. निराधारांची पेन्शन, वृद्धाश्रमाचे प्रवेश. बाईंना ते कळल्यापासून त्या संध्याकाळी मला अंगणात गाठून उलटतपासणी घ्यायच्या.

"विधवेले पेन्शन आहे?"

"आहे."

"नवऱ्यानं टाकलेलीले?"

"आहे."

"मुलं पोसत नाई त्यांच्यासाठी कायदा आहे?"

"आहे."

"अन् आमच्यासारख्याइले?"

बाई म्हणायच्या, "शून्य. तुले नाई, तुया सरकारले."

दोन बायांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न कायद्यात बसवायचं की नाही याचा निकाल ज्या दिवशी टीव्हीवर आला, त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. मोठ्या कोर्टानं सांगितलं होतं, की हे आमचं काम नाही, संसदेचं आहे. बातमी संपली. मावशींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"पंचानं शिट्टीच नाई वाजवली," बाई म्हणाल्या. "म्हने मैदान माझं नाई."

मावशी हसायला लागल्या. "तुले काय लगीन कराचं होतं काय अवं या वयात? हळद लावनारी बी जिती नाई राह्यली कोनी."

बाईही हसल्या. मग मला म्हणाल्या, "लग्न नाई पाह्यजे मले. उद्या दवाखान्यात कोनी पुसलं, तुम्ही कोन, तं सांगाले एक शब्द पाह्यजे. बस."

तो दवाखाना पुढच्याच पावसाळ्यात आला. मावशी दुपारी मशीनवर बसल्या होत्या. बाईंना मशीन थांबल्याचं कळलं, पण दोरा तुटला असेल असं वाटलं. बऱ्याच वेळानं आत गेल्या तर मावशी मशीनच्या पाट्यावर कलंडलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या दिवशी मी घरी होते. गाडी करून आम्ही त्यांना गोंदियाला नेलं, एका खाजगी दवाखान्यात.

काउंटरवरचा मुलगा चांगला होता. त्यानं आधी खुर्ची दिली.

"माँजी, पेशंट की आप कौन लगती हैं?"

"साथ रहती हूँ."

"रिश्ता?"

"पूरी उमर साथ रही हूँ, बेटा."

"वो ठीक है. पर लिखूँ क्या? बहन हैं?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. गल्लीनं ते नाव आयतं देऊन ठेवलं होतं. पण बाईंनी त्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही. बहन नहीं हूँ."

"तो फिर कोई खून का रिश्तेदार बुला लीजिए. भाई, बेटा, कोई तो होगा."

मावशींचा भाचा होता, त्यांच्या भावाचा मुलगा, किरनापूरच्या पुढच्या गावात. मी फोन लावला. उपचार अडले नाहीत, हे मला सांगायलाच हवं; डॉक्टरांनी जे करायचं ते सुरू केलं होतं. पण काय झालंय, किती झालंय, पुढं काय, हे कुणी बाईंना सांगेना. भाचा मोटरसायकलवर आला. पाय चिखलानं भरलेले, धानाची रोवणी टाकून आला होता. डॉक्टर त्याच्याशी बोलले. बाई त्याच्या पाठीमागे उभ्या राहून टाचा उंचावून ऐकायचा प्रयत्न करत होत्या. आत सोडताना नर्सनं त्यालाच सोडलं.

मावशी वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळ्या शब्दांतला एकच तोंडात राहिला, "अवं." भाचा समोर आला की त्या नुसत्या बघायच्या. बाई आल्या की म्हणायच्या, "अवं."

भाचा भला माणूस होता. त्याच्याबद्दल मी वाईट बोलू शकत नाही. घरी सोडताना तो बाईंना म्हणाला, "आत्याले गावाले नेतो. म्हतारपनी घरचेच लागते. तुमचं बी वय झालं बाई. तुमी उचलसान काय तिले?"

"उचलीन."

"कोन्या दिवशी दोघी बी पडसान."

"तं दोघी पडू."

त्याला हे कळलं नाही. आत्याला परक्या घरी ठेवली असं गावानं म्हटलं तर तोंड कुठं दाखवू, ही त्याची काळजी होती आणि तीही खोटी नव्हती. मावशींना गाडीत झोपवलं. बाईंनी त्यांचे केस विंचरून वेणी घालून दिली. गाडी गेली.

मग बाई माझ्या मागं लागल्या. दोघींना एका खोलीत ठेवील, लकव्याच्या माणसाची निगा राखील, असा वृद्धाश्रम कुठं आहे? मी इकडंतिकडं फोन केले. एक म्हणाले, अंथरुणावरचा माणूस घेत नाही. एक म्हणाले, नवरा-बायको असतील तर खोली, नाहीतर हॉल. एक जण तयार होता, पण म्हणाला, पेशंट आजारी आहे तर तिच्या घरच्यांची संमती आणा. घरचा म्हणजे भाचा. भाचा ती देणार नव्हता.

त्या सुमारास म्हाताऱ्यांसाठी एक सरकारी कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. भोपाळहून एक साहेब आले होते. शेवटी म्हणाले, कोणाला काही सुचवायचं असेल तर सांगा. बाई उभ्या राहिल्या. शिट्टी हातात घट्ट धरलेली.

"साहब, दो औरतें ज़िंदगी भर एक घर में रहीं. एक को लकवा हो गया. दूसरी उसके साथ रहना चाहती है. आपकी योजना में कुछ है?"

"आप दोनों बहनें हैं?"

"नहीं."

"सहेलियाँ?"

"सहेली स्कूल में होती है, साहब."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्मा काढला. त्यांना कळलं होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आणि ते हसले नाहीत. "मैडम," ते हळू म्हणाले, "अभी ऐसा कोई प्रावधान नहीं है."

"तो बनाइए. हमारे स्कूल में ग्राउंड नहीं था. पत्थर बीनकर बनाया था हमने."

साहेबांनी मान हलवली, टिपून घेतल्यासारखं केलं. पुढचा माणूस बसभाड्यातल्या सवलतीबद्दल बोलायला उठला. परत येताना बाई रिक्षात म्हणाल्या, "मानूस चांगला होता." त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी कशालाच गुण ऐकले नाहीत.

मग त्या एसटीसारख्या धावणाऱ्या खाजगी बसनं गावाला जाऊ लागल्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं, मावशींपाशी बसायचं, दुपारी परत. सुरुवातीला चहा मिळायचा. मग शेजारपाजारचे विचारू लागले, ही बाई कोण, रोज का येते. एके दिवशी भाचसुनेनं ओसरीवर पाणी देता देता म्हटलं, "बाई, रोज रोज काहून येता? लोक काईबाई बोलून राह्यले. तुमाले बी तरास, आमाले बी."

बाई उठल्या. मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या आणि घराकडे वळल्याच नाहीत. पंचायतीसमोरच्या ओट्यावर उभं राहून शिट्टी वाजवली. पोरं जमली, मग बाया. बाईंनी जाहीर केलं, की ज्या ज्या बाईचे गुडघे, कंबर, खांदे दुखतात तिनं उद्यापासून इथं यायचं. फुकट. रोवणीत वाकून वाकून कंबरेची कामटी झालेल्या बाया त्या. आधी दोघी-तिघी आल्या, हसत, तोंडाला पदर लावून. मग ओटा पुरेना. "हात वर! कान झाकते काय हातानं? वर म्हनजे वर!" असा आरडाओरडा रोज सकाळी सुरू झाला.

आणि एक दिवस बाई सरपंचीणबाईंना म्हणाल्या, गावात एक लकव्याची पेशंट आहे, तिलाही आणा, हात हलवला तर हलेल. आता ही परकी बाई कुणाच्या घरी येत नव्हती. गावानंच मावशींना खुर्चीवर बसवून ओट्यावर आणलं.

मी एका रविवारी सोबत गेले होते. बाई सगळ्या बायांना कामाला लावून खुर्चीपाशी आल्या. मावशींचा मेलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश वर नेला, खाली आणला. वर, खाली. "अवं," मावशी म्हणाल्या. "हौ," बाई म्हणाल्या. "अवं." "हौ, आली ना मी." मागं बाया हात वरखाली करत होत्या आणि सगळ्यांसमोर, भर उन्हात, त्या दोघी एकमेकींचा हात धरून होत्या. भाचसून खुर्चीमागं उभी होती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, बराच वेळ.

असा पावसाळा गेला, धान कापून झालं. मावशी गेल्या त्या सकाळी बाईंना कुणी कळवलं नाही. दुष्टपणानं नाही, ध्यानातच राहिलं नाही. नातेवाइकांना फोन गेले, आणि त्या यादीत बाई कशा येणार? बाई नेहमीच्या गाडीनं उतरल्या तर ओट्यावर कुणी नाही. भाच्याच्या दारात आल्या. अंगण धुतलेलं, ओलं. बाया भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांना बघून एकीनं हंबरडा फोडला तेव्हा बाईंना कळलं. माणसं नदीवरून परतत होती.

"नेलं?" बाईंनी विचारलं.

"नेलं बाई."

"केस कोनं विंचरले?"

बाई तिथंच, ओल्या अंगणात बसल्या. हे मला नंतर त्या बायांनी सांगितलं. बाईंनी स्वतः त्या दिवसाबद्दल मला एक शब्द सांगितला नाही.

तेरवीला मी त्यांच्यासोबत गेले. मांडवात पंगती चालल्या होत्या. आतल्या खोलीत दुखवट्याचे कपडे आले होते. ज्याचं माणूस गेलं त्याला सोयरे नेसवतात ते. भाच्याला धोतर, टोपी. बाई मांडवाच्या खांबापाशी उभ्या, पाहुण्यासारख्या. जेवून निघायचं, एवढंच.

तेवढ्यात भाचसून आतून आली. हातात घडी केलेलं लुगडं, वर कुंकवाचं बोट न लावलेलं, कोरं. ती सरळ बाईंसमोर आली.

"घ्या."

"हे काय?"

"माह्या माहेरून दुखवटा आला, माह्यासाठी. मी म्हनलं, आमी तं भाचे. जिचं गेलं तिले पाह्यजे."

एक म्हातारी चुलतसासू पुढं आली. "परक्या बाईले दुखवटा देते काय वो? रीत नाई हे."

भाचसून वळली. तिचा आवाज चढा होता. "परकी असती तं आत्याबाईनं सकाळच्या मोटारीचा भोंगा आइकून दरवाज्याकडे मान काहून वळवली असती रोज? मी केलं ना त्याइचं सगळं, हागनंमुतनं केलं. मले एक डाव नाई म्हनलं अवं."

भाचा दारात उभा होता. त्यानं म्हातारीला हाताला धरून बाजूला नेलं.

बाईंनी लुगडं घेतलं. कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. शेवटी छातीशी धरलं, दोन्ही हातांनी.

परतीच्या बसला गर्दी होती. मला मागं जागा मिळाली, बाईंना पुढच्या बाकावर, एका अनोळखी शेतकरीण बाईशेजारी. तिच्या मांडीवर वांग्यांची टोपली होती. किरनापूर सुटल्यावर तिनं बाईंच्या मांडीवरच्या कोऱ्या लुगड्याकडे पाहिलं. ती या भागातली होती, तिला कळलं.

"कोन गेलं, बाई?"

बाई बोलल्या. मैदानावर बोलायच्या तशा, स्पष्ट. मला मागं ऐकू आलं, कंडक्टरनंही वळून पाहिलं.

"माझं मानूस गेलं."

"अगाई," ती बाई म्हणाली. तिनं टोपली पायाशी ठेवली आणि सरकून जागा करून दिली. "लय वर्साचा संसार होता काय?"

"हौ," बाई म्हणाल्या. "लय वर्साचा."

"मंग जड जाईन तुमाले."

"हौ," बाई म्हणाल्या, आणि त्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठं त्या रडायला लागल्या.